गुढियारीतला आपोआप भरणारा सिलिंडर

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि गुढियारीतल्या तांदळाच्या गोदामांमागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, भाजीवाल्या, उरल्याच्या कारखान्यांत पाळीवर निघालेले कामगार, सगळे मफलर गुंडाळून एका ऑक्सिजनच्या सिलिंडरपुढे हात जोडून उभे होते. सिलिंडरला झेंडूचा हार होता, कुंकवाचा टिळा होता. आधीच तेहतीस कोटी, त्यात ही आणखी एकाची भर, असं पुटपुटत मी मागे उभा होतो. मी दिवाकर, रेल्वेच्या माल कार्यालयातला निवृत्त कारकून. गर्दी दिसली की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालतं.

वायुसिद्ध महाराजांना या पाऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, येऊन दहाच दिवस झाले होते. त्यांचा चमत्कार असा: सिलिंडर रात्रभर उघड्यावर ‘आकाशाच्या हवाली’ करायचा. सकाळी मीटरची सुई सर्वांना दाखवायची. मग लाल कापडाने वेढलेल्या उंच चौरंगावर तो ठेवून तासभर हवन करायचं. नळी नाही, पंप नाही, तरी सुई वर चढायची. म्हणजे प्राणवायू आपोआप भरला. महाराजांनी हे दोनदा करून दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा बायाबापड्या रडल्या होत्या. करोनाच्या साली याच लोकांनी रिकामे सिलिंडर घेऊन रांगा लावल्या होत्या. काहींची माणसं रांग संपायच्या आत गेली. त्यांना हसायची माझी छाती नव्हती. महाराजांचा मात्र मला पहिल्या दिवसापासून राग होता.

आज चौरंगाशी उभा होता तो सिलिंडर माझे शेजारी मारोतराव यांचा. सिलतऱ्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं धूळ गिळून त्यांची फुप्फुसं गेली होती. घरी त्यांना मिनिटाला तीन लिटर ऑक्सिजन लागायचा. लहान सिलिंडर घरी लावलेला होता आणि तो दहापर्यंत संपणार होता. माझी बायको शर्मिष्ठा त्यांच्याजवळ बसली होती. दहानंतर आधार होता तो या मोठ्या सिलिंडरचा. आणि महाराजांची आज्ञा होती की तीन दिवस, अमावस्येपर्यंत, कारखान्यात भरलेला वायू घरात आणायचा नाही, शंका आली की प्राण उलटा फिरतो. मारोतरावांच्या बायकोने, लतावहिनीने, रिफिल आणणाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हाच मी त्यांच्या लेकीला फोन केला.

चेतना सरकारी शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ती आली, सिलिंडरला थर्मामीटर चिकटवला, मीटर वाचला आणि गोदामाच्या भिंतीवर खडूने लिहिलं: सुई साठ बार, तापमान बारा अंश.

तेवढ्यात महाराजांनी तुपाची वाटी उचलली आणि बोटं बुडवून ती व्हॉल्व्हकडे नेली. चेतनाने त्यांचं मनगट धरलं. गर्दीतून एकदम आरडाओरडा झाला, दोनचार जण पुढे धावले. दाबाखालच्या ऑक्सिजनला तूप-तेल लागलं तर ते ठिणगीशिवायही पेट घेतं, इथे तर शेजारी हवनकुंड पेटवलंय, असं ती हिंदीत ओरडून सांगत होती, पण कोण ऐकणार. ऐकलं ते एका वेल्डरने. तो म्हणाला, बाई बरोबर बोलते, आमच्याकडे ऑक्सिजनला तेलकट हात लावू देत नाहीत. लोक दोन पावलं मागे सरले.

महाराज सावरले. “बेटी, तू किताब पढ़ी है, हमने हवा पढ़ी है,” ते म्हणाले. “श्रद्धा की सुई विज्ञान से नहीं चढ़ती.” लोकांनी माना डोलावल्या. हवा कोणत्या इयत्तेपर्यंत वाचली, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

चेतना नत्थूकडे वळली. नत्थू गोदामात तीस वर्षं तोलणारा, आणि महाराजांचा पहिल्या फळीतला भक्त. तिने त्याला विचारलं, तांदळाचा ढीग मोठा दिसला म्हणून माल जास्त धरतोस का?

“नहीं दीदी,” नत्थू म्हणाला. “तौलते हैं. बारदाना काटके जो बचे, वही माल.”

“मग हेही तोला, भैया. लोखंड म्हणजे बारदाना. त्याचं वजन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलंच असतं.”

नत्थूने वाकून आकडा वाचला: अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम. महाराज म्हणाले, शक्तीला तराजू लावणं पाप आहे. पण गुढियारीत तराजूला पाप म्हणणं त्यांना जड गेलं. इथलं निम्मं पोट तराजूवर चालतं. लोक कुजबुजू लागले आणि नत्थूने गोदामातला इलेक्ट्रॉनिक तराजू ओढत आणला.

तोलायच्या आधीच चेतनाने भिंतीवर गणित मांडलं. दाब, टाकीत मावणारं आकारमान आणि तापमान, ही तीन कळली की आतला वायू किती किलो आहे ते आदर्श वायूच्या समीकरणातून निघतं. सुईच्या साठात बाहेरच्या हवेचा एक मिळवला. बारा अंशांत दोनशे त्र्याहत्तर मिळवले. टाकी सत्तेचाळीस लिटरची. उत्तर आलं: तीन किलो नऊशे ग्रॅम. मग हार आणि मीटर काढून सिलिंडर तराजूवर चढवला. बासष्ट किलो शंभर. नत्थूने मनातल्या मनात बारदाना वजा केला आणि तिच्या खडूच्या आकड्याकडे बघतच राहिला.

तिने एवढंच सांगितलं की मागच्या दोन्ही वेळांसारखी सुई सात बार चढून सदुसष्टवर गेली आणि वायू खरंच भरला असेल, तर वजन चारशे ग्रॅमच्या वर वाढलं पाहिजे. आता करा हवन.

लतावहिनीने तिला बाजूला ओढलं. “काहून करून राहिली तू हे? तुह्या बापाचा जीव हाय, तुही शाळा नाही.”

“म्हणूनच करून राहिली, आई,” चेतना म्हणाली.

तो तास मी जन्मात विसरणार नाही. शर्मिष्ठाचा दोनदा फोन आला, घरची सुई झरझर खाली चालली होती. मंत्र चालले होते, धूर डोळ्यांत जात होता, आणि आकड्याने दगा दिला तर या पोरीला लोक इथून धड जाऊ देणार नाहीत हे मला दिसत होतं. पावणेआठला मीटर परत लावला. सुई चढली होती. सदुसष्ट. जयजयकार झाला आणि वहिनी जमिनीवर डोकं टेकून रडू लागल्या.

चेतनाने मीटर काढला. नत्थू आणि आणखी दोघांनी सिलिंडर तराजूवर ठेवला.

बासष्ट किलो शंभर.

नत्थूने तो उतरवला, तराजू शून्य केला, पुन्हा चढवला. बासष्ट किलो शंभर. “एक दाना नहीं बढ़ा,” तो म्हणाला, आणि मग आपल्या तळहाताकडे पाहत हळूच म्हणाला, “ये तो गरम है.”

चौरंगाचं लाल कापड त्यानेच ओढलं. खाली गोरसी होती, हिवाळ्यात म्हाताऱ्या पायाशी घेऊन बसतात ती मातीची शेगडी, निखाऱ्यांनी भरलेली. थर्मामीटर पंचेचाळीस दाखवत होता. वायू तापला की त्याचे कण जोरात आदळतात, दाब वाढतो, सुई चढते. वायू मात्र तेवढाच राहतो. म्हणून तर सिलिंडर रात्रभर थंडीत ठेवायचा आणि सकाळी तापवायचा. चेतनाने टाक्यातलं गार पाणी बादल्यांनी त्याच्या अंगावर ओतायला लावलं. मीटर पुन्हा लावला तेव्हा सर्वांच्या डोळ्यांदेखत सुई एकसष्टपर्यंत उतरली.

महाराज म्हणाले, तुमच्या शंकेने प्राण उलटा फिरला. या वेळी कुणी मान डोलावली नाही. लोकांनी हात उचलायच्या आत चेतनाने ठाण्यात फोन केला आणि पोलीस येईपर्यंत नत्थू फाटकाशी उभा राहिला.

वहिनी भिंतीवरच्या आकड्यांपुढे उभ्या होत्या. “किती तास पुरन हे?”

“पंधरा, फार तर साडेपंधरा.”

“अन् अवस तीन दिवसांनी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड दाबलं. “म्या मारलं असतं त्यायले.”

सिलिंडर नऊला घरी लागला. रिफिलवाल्याला वहिनींनी स्वतः फोन केला. मारोतरावांनी डोळे उघडून काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, तुम्ही श्वास घ्या. मग चपला घालून त्या बाहेर निघाल्या. मी विचारलं, आता कुठे?

“गोदावरीबाईकडे. तिच्या पोट्ट्यालेही ऑक्सिजन लागते. तिनंही रिफिल नको म्हणून सांगून ठेवलं हाय. तिले म्याच नेलं होतं महाराजाकडे.”

मी आणि चेतना त्यांच्यामागे गेलो. गोदावरीबाईंच्या दारात वहिनींनी आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली, एक शब्द न लपवता. गोदावरीबाई ऐकता ऐकता खाली बसल्या आणि मग फोन शोधू लागल्या.

वाचकहो, लतावहिनी मूर्ख नव्हत्या. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही विकतं. आपणही उद्या घाबरू. तेव्हा एवढं करा: कुणी म्हणालं शंका घेऊ नका, तर तिथेच शंका घ्या. मोजता येईल ते मोजा, नाही जमलं तर मोजणाऱ्याला बोलवा. आणि फसलात हे कळलं, तर लाजून घरात बसू नका, शेजारच्या दारात जाऊन सांगा. त्या दारामागेही कुणीतरी श्वास घेत असतं.