लाल रंगाचे दोन हात

मित्रांनो, मी ट्रॅक्टर आहे. वयाने जुना, उंचीने वीतभर आणि, आधीच सांगून टाकतो, रागाने भरलेला. खेळण्याने आपली कहाणी गोड आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आज पुरी होणार नाही.

माझा जन्म भिलाईच्या कॅम्प-1 या कामगार वस्तीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात झाला. साल शहाऐंशी. घरचा कर्ता तेजराम मूळचा भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावचा, तेव्हा स्टील प्लँटमध्ये रंग देणाऱ्या टोळीत होता. त्याची मुलगी शैला सातवीत होती. नागपूरच्या मामाने तिला दिवाळीत प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा दिला होता. डोक्यावर बुटके खुंट, पोटात खाचा. दाबले की जुळायचे, ओढले की सुटायचे. तेच ठोकळे म्हणजे मी. आज पूल, उद्या घर, परवा ट्रक, हा आमचा धर्म. सुटता येतं म्हणून तर आम्हाला जुळायला आवडतं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शैला तीन आठवडे माझ्यासाठी खपली. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या लहानूने बंद टेपरेकॉर्डरची मोटार दिली. आस सायकलच्या चाकातल्या तारेचा. मागची मोठी चाकं तेलाच्या बरण्यांच्या झाकणांची, त्यांवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. मोटारीपासून चाकापर्यंत रबराचा पट्टा. पहिल्यांदा सेल जोडले तेव्हा मी पुढची चाकं उचलून सरळ उताणा पडलो. सात वेळा पडलो. तुझ्या बाबावर गेला, जेवला की आडवा, असं शैलाची आई मैनाबाई म्हणाली. मग शैलाच्या लक्षात आलं की माझं नाक हलकं आहे. तेजरामच्या हत्यारांच्या डब्यात दोन जाड नट होते. ते घेऊ का, असं तिने आधी बाबाला विचारलं. त्याने हो म्हटल्यावरच ते माझ्या नाकात बसवले. दोन नटांसाठी विचारलं होतं तिने, मित्रांनो. हे विसरू नका.

त्यानंतर मी चाललो. आगपेट्यांची ट्रॉली आणि तिच्यात मूठभर धान घेऊन चार वह्यांचा चढ चढलो. मैनाबाई तांदूळ निवडायचे सोडून बघत बसली. तेवढे आठ दिवस मी खरा ट्रॅक्टर होतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शैला तक्ता लिहायला वैशाली नगरच्या मैत्रिणीकडे गेली. तेजराम पहिल्या पाळीवरून आला, मला उचलून अंगणात नेलं आणि लाल ऑइलपेंटचा डबा उघडला.

त्याचीही बाजू सांगतो, नाहीतर मला एकांगी म्हणाल. पंधरा वर्षं त्या माणसाने लोखंडाला गंजापासून वाचवलं होतं. घरचं फाटक, खाट, कूलर, पाण्याची बादली, सगळं त्याच्या ब्रशाखालून गेलेलं. रंग दिला की वस्तू जगते, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. त्यात माझे ठोकळे लाल, पिवळे, निळे, पांढरे, नुसती ठिगळं. उद्या साहेबांची पोरं आपल्या पोरीला हसतील, ही त्याची भीती. माया होती, कबूल. पण मायेने केला म्हणून अन्याय गोड लागत नाही. पहिला हात दिला, उन्हात वाळवला आणि वर दुसरा हात दिला. रंग माझ्या सांध्यांत उतरला, आसात शिरला, पट्ट्याला चिकटला. मला वाचा असती तर त्या दिवशी सगळा कॅम्प गोळा झाला असता.

संध्याकाळी शैला आली.

"कसा दिसून राहिला?" तेजराम म्हणाला. "शोरूममधून आणल्यावानी."

तिने सेल जोडले. मोटार आतल्या आत घुमली, चाकं हलली नाहीत. तिने आस ओढून पाहिला, तर झाकणाची कड तडकली. वाळला की मोकळा होईल, असं तेजराम दोनदा म्हणाला. रात्रभरात वाळून मी दगड झालो.

प्रदर्शनाला भोपाळहून एक मोठे साहेब आले होते. माझ्यासमोर थांबून ते म्हणाले, "बहुत सुंदर. बिल्कुल असली लगता है."

शैला म्हणाली, "चलता नहीं है, सर. कल चलता था."

साहेब हसले आणि पहिलं बक्षीस मला दिलं. शेजारच्या टेबलावर एका मुलाचा पाणी उपसणारा पंप खराखुरा पाणी उपसत होता. त्याला कोणी विचारलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते, मागे ड्यूटीच्या कपड्यांत तेजराम सगळ्यांत जोरात वाजवत होता आणि माझं अंग जळत होतं. न चालणाऱ्या ट्रॅक्टरची वाहवा म्हणजे लाथ मारून वर हार घालणं.

घरी येताना तेजराम वाटेत भेटेल त्याला बक्षिसाचं सांगत होता. घरात पाऊल टाकल्यावर शैलाने बक्षिसाचं प्रमाणपत्र त्याच्या हातात ठेवलं.

"हे तुमचं आहे, बाबा. रंगाले भेटलं."

तो समजावायला लागला, की रंग नसता तर वस्तू टिकली नसती.

"प्लास्टिकले गंज येत नाही," ती म्हणाली. "तुमी मले विचारलं कावून नाही?"

 त्या रात्री तेजराम जेवला नाही. मला वाईट वाटलं असेल असं समजू नका. मला वाटलं, बरं झालं.

पुढच्या सुटीच्या दिवशी त्याने रंग विरघळवणाऱ्या थिनरची बाटली आणली. बूच काढलं, चिंधी भिजवली आणि हात माझ्यापर्यंत येऊन थांबला. त्याने शैलाला हाक मारली.

"लावू का याले?"

शैला म्हणाली, आधी एका सुट्या ठोकळ्यावर पाहू. चिंधी लागताच त्या निळ्या ठोकळ्याचा कोपरा गुळासारखा पाघळला. तेजरामने बाटलीला बूच लावलं. त्याने विचारलं नसतं, तर आज ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो.

मग प्रत्येक सुटीला बापलेक ब्लेड घेऊन अंगणात बसू लागले. कुठला ठोकळा आधी सोडवायचा ते ती सांगायची, तो खरवडायचा. बोटं कापली, नखं लाल झाली. मे महिन्यात अक्तीला, म्हणजे इकडच्या पेरणीच्या सणाला, मी पुन्हा धान भरलेली ट्रॉली घेऊन अंगण ओलांडलं. थोडा वाकडा चाललो, पण चाललो. माझ्या नाकातले दोन नट मात्र कायमचे चिकटले. खाचांत लाल रंग अजून आहे आणि माझा रागही अजून आहे. मी तो खरवडू देणार नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, माणसं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, की जपायला हात पुढे करण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. शैला आता कॉलेजात शिकते. तेजराम अजून दर उन्हाळ्याआधी कूलर रंगवायला काढतो. डबा उघडतो, ब्रश हातात घेतो आणि दारातून आत हाक मारतो, "शैला, लावू का याले?"

कूलर लोखंडाचा आहे. तरी विचारतो.