सोपा म्हणून निवडलेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझा हिरवा रंग उन्हाने विटून शेवाळासारखा झाला आहे आणि माझे मागचे दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. लोकांना वाटते, डोंगरात हयात घालवलेल्या गाडीला कसली आली भीती? पण खरे सांगते, मला भीती वाटते. एका हिवाळ्यात ती माझ्या सांध्यासांध्यांत शिरली आणि अजून पुरती निघालेली नाही. ती कशी शिरली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्यावर घाव बसले, जोडांवर ठिणग्या उडाल्या आणि शेवटी एका माणसाने मला दगडधोंड्यांवरून मुद्दाम पळवून पाहिले. "काटक आहे," एवढेच तो म्हणाला. त्या एका शब्दावर मी कित्येक वर्षे खूश होते.

मला विकत घेतले ते गुरांच्या एका डॉक्टरांनी. डोंगरातल्या वस्तीवर गाय अडली, घोडा लंगडला, मेंढ्यांत साथ आली की आम्ही निघत असू. एकदा थंडीने काकडलेले वासरू त्यांनी स्वतःच्या कोटात गुंडाळून माझ्या मागच्या सीटवर निजवले. वासरू वाचले, त्याचा वास मात्र माझ्या गाद्यांतून कधी गेला नाही. अवघड चढ चढून गेल्यावर डॉक्टर मला थोपटून म्हणत, "शाब्बास, बये." माणसे आपापल्या जनावरांशी बोलतात, तसे ते माझ्याशी बोलत.

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. समोरचे दिसे, पण बाजूचे दिसेना, नळीतून पाहावे तसे. एका सकाळी फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मला दगडी खांबावर घासले. ते खाली उतरले, खरचटलेल्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला आणि घरात जाऊन माझी किल्ली आपल्या मुलीला दिली. त्यानंतर माझ्या स्टीअरिंगमागे ते कधी बसले नाहीत.

मुलगी पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते. तिचे आयुष्य सपाटीवरचे होते, म्हणून माझेही झाले. शाळा, बाजार, तलाव आणि परत घर. अंगणात माझ्यावर पाने साचत आणि शेजारचा बोका माझ्या टपावर ऊन खात बसे. माझ्याकडे एक जास्तीचा दांडा आहे, तो ओढला की मागच्यांबरोबर पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. तो कोणी ओढेना, म्हणून तो गंजून जागच्या जागी बसला. टायर झिजले. कोणी वाईट नव्हते, मित्रांनो. घरात माणसाचे डोळे चालले असताना गाडीचे टायर कोण बघत बसणार?

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आता उरलेली नजरही फार टिकणार नाही. घरी येताना नाना, म्हणजे आमचे म्हातारे डॉक्टर, माझ्या काचेला डोळे लावून बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "पुन्हा एकदा बर्फाचे डोंगर बघायचे होते. जमलं तर."

दुसऱ्याच दिवशी जावईबापू कामाला लागले. ते फरश्यांच्या दुकानात काम करतात. संध्याकाळी तलावाच्या दारात बायकोची वाट बघत ते माझ्यात बसत आणि फोनवर रस्ते शोधत. मागच्या सीटवर त्यांची मुलगी असे. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती बोलायची थोडे आणि वेचायची फार.

"डांबरी रस्ता नको," ते म्हणत. "तो सरळ बोगद्यातून जातो. बोगद्यातून आजोबांना काय दिसणार, कपाळ? जुना कच्चा रस्ता हवा. पण सोपा. फार चढ नको, नद्या-नाले नकोत."

शेवटी त्यांना एक रस्ता सापडला. तिथे जाऊन आलेल्या लोकांनी लिहिले होते, 'लहान मुलांना घेऊन गेलो, साधी गाडीही आरामात जाते.' खाली फोटो होते.

मुंगीने पुढे वाकून फोटो पाहिले. "बाबा, सगळीकडे फुलं आहेत."

"हो ना? छान आहे की नाही?"

"पण मग हा फोटो थंडीतला नाहीये."

"अगं, फुलं बदलतात. रस्ता तोच असतो."

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा धस्स झाले. रस्ता तोच नसतो. मी त्या डोंगरांत कितीतरी हिवाळे काढले होते. पण गाडीला तोंड असून आवाज फक्त हॉर्नचा, आणि तोही दुसऱ्याने दाबला तर.

निघण्याआधी मला गॅरेजमध्ये नेले. मेकॅनिकने मागच्या टायरवरून अंगठा फिरवला. "याला टक्कल पडलंय, ताई. डांबरावर ढकलाल अजून काही दिवस. डोंगरात नाही ना न्यायचीय?"

"सोपा रस्ता आहे," नानांची लेक म्हणाली. "आल्यावर बदलूच."

निघालो तेव्हा आभाळ निळेशार होते. गाडी लेक चालवत होती, शेजारी नाना, मागे जावई आणि मुंगी. डांबर संपून खडी सुरू झाली तशी माझी हाडे खिळखिळू लागली, आणि खरे सांगायचे तर मला बरेही वाटले. जुने गाव भेटल्यासारखे वाटले. पण रस्त्याकडेची घरे बंद होती. दारांना कुलपे, अंगणात चिटपाखरू नाही, एकाही धुराड्यातून धूर नाही. थंडी सुरू होताच माणसे खाली निघून गेली होती. जिथून माणसे उठून जातात तिथे आपण का चाललो आहोत, हा प्रश्न मला प्रत्येक कुलपापाशी पडत होता.

वर चढलो तसे बर्फाचे माथे दिसू लागले. दरीत ढग भरून राहिले होते, आणि आमचा रस्ता त्यांच्या कडेने जात होता.

"नाना, दिसलं?" लेक विचारी.

"वा," नाना म्हणत. "वा, काय सुरेख."

लेक मात्र दरीकडे बघत नव्हती. स्टीअरिंगवरचे तिचे हात मला जाणवत होते. ती तळ न दिसणाऱ्या पाण्यात सूर मारते, पण उंचीपुढे तिचे काही चालत नाही. हे घरात कोणालाच माहीत नव्हते. मलाही तेव्हाच कळले, कारण तिचे तळवे घामाने ओले झाले होते आणि काचेबाहेर तर पाणी गोठत होते.

मग एका वळणावर डोंगराने ऊन अडवले. पुढचा रस्ता सावलीत होता आणि ओल्या पाटीसारखा चकाकत होता. लेकीला ते पाणी वाटले. ते बर्फ होते, काचेसारखे, खडीला घट्ट चिकटलेले.

माझी मागची चाके जागच्या जागी गरगरली. मी थांबले. आणि मग मागे सरकू लागले.

मित्रांनो, ब्रेक लागत नसते तर मला इतकी भीती वाटली नसती. ब्रेक लागले होते. लेकीने ते जीव खाऊन दाबले होते, चारही चाके घट्ट धरलेली होती, त्यांतले एकही फिरत नव्हते. तरीही मी सरकत होते, तिरकी, संथ, दरीच्या बाजूला. आपले अंग आपले ऐकत नाही, ही भीती मला त्याआधी माहीत नव्हती. मग माझ्या मागच्या चाकाला कडेचा खडीचा ढीग लागला. रस्ता दुरुस्त करणाऱ्या कोणीतरी तो तिथे टाकून ठेवला होता. मी थांबले. ढिगातले काही खडे पलीकडे गेले. ते खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

इंजिन बंद पडले होते. कोणी हलेना.

"काही नाही झालं," जावई म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "वळणापलीकडे ऊन दिसतंय. जरा जोर दिला की निघेल."

"निघेल," नाना म्हणाले. "मी कितीदा गेलोय असा."

 लेकीने किल्लीवर हात ठेवला. मला ओरडावेसे वाटले. तिने मला आता पुढे रेटले असते, तर चाके पुन्हा गरगरली असती आणि तो ढीग पुन्हा मला धरू शकला नसता.

तेवढ्यात मागून मुंगी हळूच म्हणाली, "मला भीती वाटतेय. मला उतरायचंय."

"घाबरायचं नसतं बाळा, बाबा आहेत ना."

"पण मला वाटतेय."

लेकीने किल्लीवरचा हात काढला. "मलाही वाटतेय," ती म्हणाली. "मघापासून. माझा पाय ब्रेकवरून हलत नाहीये."

 मग नाना म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाहीये गं."

"सावलीत आलोय म्हणून, नाना."

"नाही. सकाळपासून. सगळं नुसतं पांढरं दिसतंय. तुम्ही एवढ्या हौसेनं आणलंत, म्हणून वा वा म्हणत होतो."

लेकीचे खांदे हलले. ती रडत होती, पण तिचा पाय ब्रेकवर तसाच होता.

"मीही घाबरलोय," जावई शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा झाला. "मी रस्ता नुसता फोटोंत बघितला. चला, उतरूया. गाडी राहू दे इथेच."

मग मात्र सगळे शहाण्यासारखे वागले. भीती एकदा बोलून टाकली की हात मोकळे होतात, हे मी त्या दिवशी पाहिले. मुंगी आणि तिचे बाबा डोंगराकडच्या दाराने उतरले. त्यांनी दगड गोळा करून माझ्या चाकांमागे लावले. नानांची बाजू दरीकडची होती, म्हणून त्यांना माझ्या दांड्यांवरून पाय टाकून मागच्या सीटवर जावे लागले. माझा हातब्रेक त्यांच्या गुडघ्याखालीच होता. तो नुसता धक्क्याने सुटला असता तरी मी हलले असते.

"नाना, आता डावा पाय. थांबा. अजून वर. आता टेका," लेक सांगत होती. पोहायला शिकणाऱ्या लहान मुलांना सांगावे, तितक्या शांतपणे. नाना एकेक पाय ठेवत होते. मी पत्र्याची असून श्वास रोखला होता.

ते बाहेर पडले. सगळ्यांत शेवटी लेकीने पाय ब्रेकवरून अलगद उचलला. मी केसभर मागे गेले. दगड करकरले आणि थांबले. ती उतरली.

नाना चाचपडत पुढे आले आणि त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "राहा गं बये," ते म्हणाले. "माणसं आधी."

ते मला बरोबर वाटले. पण ती सगळी आल्या वाटेने वळणाआड निघाली तेव्हा त्यांच्यामागून जावेसे वाटले, हेही खरे. नानांचा हात मुंगीच्या हातात होता. "आता उजव्या बाजूला एक झाड आहे, आजोबा. त्याला पान नाहीये. त्याच्यावर बर्फ फक्त एका बाजूनं बसलाय."

"वारा कुठून येतो ते कळलं," नाना म्हणाले. "पुढे?"

"पुढे डोंगर आहे. त्याच्यावर ढगाची सावली चालतेय."

"कुठल्या बाजूला चालतेय?"

त्यांचे आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत राहिले. मग मी एकटी उरले. ऊन कलले, रस्त्यावरचे बर्फ आणखी घट्ट झाले आणि माझ्या पोटातले तेल थिजू लागले. मागचा ढीग मधूनच एखादा खडा सोडून देई. प्रत्येक खड्याला मला वाटे, आता गेले. रात्र मी कशी काढली, ते विचारू नका.

सकाळी खालच्या गावातून, घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावलेला एक ट्रॅक्टर घेऊन जावई आले. ट्रॅक्टरवाल्याने आधी माझ्यापुढे वाळू पसरली, मग मला दोर बांधला. दोर ताणला गेला तेव्हा ढीग माझ्यामागे ढासळला आणि सगळाच्या सगळा दरीत गेला. ट्रॅक्टरवाला बराच वेळ त्या रिकाम्या कडेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "नशीब, काल उतरलात." जावई रस्त्याकडेच्या दगडावर खाली बसले. 

आता माझे टायर नवे आहेत. गंजलेला दांडा तेल घालून मोकळा केला आहे. उन्हाळा येईपर्यंत नानांची उरलीसुरली नजर गेली. तरी आम्ही हिवाळ्यात डोंगरात जातो. पायथ्याशी तळ्याकाठचा एक सपाट कच्चा रस्ता आहे, तिकडून शिखरे दिसतात. निघण्याआधी जावई तिथल्या नावाड्याला फोन करून विचारतात, "आज कसा आहे रस्ता?" मुंगी पुढे आजोबांच्या मांडीशी बसते आणि एकेक डोंगर सांगत जाते. आता ते उगाच वा वा म्हणत नाहीत. एखादा डोंगर नीट कळला नाही, तर पुन्हा सांगायला लावतात.

मागच्या खेपेला एका वळणाशी सावली दिसली आणि लेकीने मला थांबवले. तिने सगळ्यांना विचारले, "कोणाला भीती वाटतेय का?" मुंगी नाही म्हणाली, तिचे बाबा नाही म्हणाले. नाना म्हणाले, "गाडीला विचारलंस का?" सगळे हसले. पण लेक खाली उतरली, चालत वळणापर्यंत गेली, बुटाने रस्ता घासून पाहिला आणि परत येऊन तिने मला माघारी वळवले. कोणी हिरमुसले नाही.

तर मित्रांनो, डोंगरात जाण्याआधी आपल्या गाडीखाली एकदा वाकून बघा. ती बोलत नाही, पण तिचे टायर बोलतात. आणि गाडीतले कोणी, मग ते सगळ्यांत धाकटे का असेना, हळूच म्हणाले की मला भीती वाटतेय, तर त्याला गप्प करू नका. थांबा, आणि आपल्यालाही वाटते आहे का ते खरे खरे सांगा. रस्ता सोपा आहे असे कोणीही लिहून ठेवील. तो लिहिणारा तुमच्या गाडीत बसलेला नसतो.