हात लावायचा नाही

चष्मेवाल्याचा डावा बूट पायात होता, उजवा हातात. अर्धा तास झाला तरी तो तसाच बसून होता आणि समोर त्याच्या बायकोचा जीव टांगणीला लागला होता. सकाळीच भावांच्या चष्म्याच्या दुकानातून धाकट्या दिराचा फोन आला होता.

"वहिनी, दहापर्यंत दादा दुकानात आला नाही, तर उद्यापासून त्याच्या टेबलावर नवा माणूस बसेल. आठ महिने थांबलो. आता माझाही नाइलाज आहे."

त्याला आळशी म्हणणाऱ्यांची तोंडं तिने केव्हाच बंद केली होती. नवऱ्यातली इच्छाच आटली होती, विहीर आटावी तशी. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "नुसतं मनाला समजावून पाय हलत नाहीत आणि नुसते पाय ढकलून मनाची खात्री पटत नाही. दोन्ही बरोबर करायचं." म्हणून रोज एक कार्ड. आधी काम लिहायचं, मग त्याबद्दल डोक्यात येणारा विचार, आणि काम करून झालं की तो विचार खरा ठरला का, ते.

"आणि तुम्ही हात लावायचा नाही," बाईंनी तिलाही दटावलं होतं.

सांगायला बाईंचं काय जातं! शर्टाची बटणं तीच लावायची. कार्डावर बरोबरच्या खुणासुद्धा तीच करायची, त्याला बरं वाटावं म्हणून.

पावणेदहा. दुकान पाच मिनिटांवर.

"अहो, द्या इकडे," म्हणत ती बुटासाठी वाकली आणि त्याच्या मांडीवरचं कार्ड तिला दिसलं. काम: बूट घालून दुकानात जाणे. विचार: मी नाही केलं तरी ती करेलच.

ती मागे सरकली, खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

त्याने वाट पाहिली. "बांधतेस ना?"

"नाही. मी नाही बांधणार."

त्याने हातातला बूट जमिनीवर ठेवला. मग उजवा पाय बुटात गेला. नाडीची गाठ एकदा सुटली, दोनदा सुटली. तिला रडू आवरेना, पण हात जागचे हलले नाहीत. तिसऱ्यांदा गाठ कशीबशी बसली. तो उठला आणि बाहेर पडला.

कार्डावरचा तिसरा रकाना कोरा होता. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं.

दहाच्या ठोक्याला फोन वाजला.

"वहिनी, दादा आलाय! पण बुटाची नाडी लोंबतेय हो. बांधून देऊ का?"

"खबरदार भाऊजी, हात लावलात तर!"