मच्छिंद्रची ओटी

बाळांनो, जरा वेळ असं समजा की तुम्ही दहा वर्षांची झुंबर आहात. मार्गशीर्षातली सकाळ आहे आणि केदारखेड्याजवळच्या एका गावात तुम्ही शेताच्या बांधावर बसला आहात. समोरचा कापूस फुटून पांढरा झाला आहे. रोज तो तुम्ही आईबरोबर वेचता. चार दिवस झाले, आता नुसतं बघायचं आहे.

निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती. शेतमालक रामरावांच्या शेतात मात्र वेचणीची रीत जुनीच होती. बायांनी दिवसभर वेचलेल्या कापसाचे संध्याकाळी सोळा वाटे पडत. त्यातला एक वेचणारीचा. बायांनी बारांत एक मागितला आणि बांधावर प्यायच्या पाण्याची एक घागर. रामराव नाही म्हणाले. तेव्हापासून एकवीस बाया सकाळी बांधावर येऊन बसत आणि दिवस मावळला की घरी जात. आज चौथा दिवस होता. झुंबरने काल नुसती भाजी खाल्ली होती, भाकरी नव्हती. त्याचं तिला आता काही वाटत नव्हतं.

तिचा बाप मच्छिंद्र रामरावांकडे सालगडी होता. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकाच घरी राबणारा. मधेच हाकलला, तर पुढचं धान्य बंद. त्या सकाळी तो कमरेला फडक्याची झोळी बांधून कापसात उतरला. कापूस वेचून टाकायच्या त्या झोळीला ओटी म्हणतात. गावात ओटी बायाच बांधत.

"अगं बया, नवी वेचणारी आली," सोनूबाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी. संपासाठी बाया तिनेच जमवल्या होत्या. "कुण्या गावची गं तू?"

बाया हसल्या.

"साळू, तुझी सवत दिसती."

झुंबरची आई साळूबाई हसली नाही. "मालकानं धाडलं त्यायला," ती म्हणाली.

हसणं थांबलं. सोनूबाईने पदर सारखा केला.

"आज एक गडी उतरला. उद्या दहा उतरतील. मंग आपण इथं काय करून राह्यलो?"

"त्यायनं न्हाई म्हटलं तर माझ्या घरात दाणा येणार न्हाई."

"अन् त्यायनं येचलं तर कुणाच्याच घरात येणार न्हाई."

मच्छिंद्र वाकून वेचत होता. त्याला वेचता येत नव्हतं. कापसाबरोबर वाळका पाला ओटीत जात होता. बांधाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

झुंबर उठली. आईने तिला अडवलं नाही. कापसाच्या दवओल्या पऱ्हाट्यांमधून ती बापापाशी गेली.

"बा, पाला चाललाय कापसात."

"जाऊ दे."

"तुला येत न्हाई हे."

"न्हाई येत. मालक म्हनले, ओटी सोडली तर बिलकुल येऊ नको कामाला. मंग काय करू?"

झुंबर त्याच्या मागे गेली आणि कमरेवरची गाठ सोडू लागली. मच्छिंद्र हलला नाही. फडकं सुटलं, कापूस पायाशी पडला. झुंबरने फडकं झटकलं, घडी करून काखेत धरलं, बापाचा हात धरला आणि त्याला घेऊन बांधाकडे चालू लागली.