मडक्याची कावीळ

रविवारी लच्छूबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. घुग्घुसच्या खाणीतले कामगार मोटारसायकलींवर येतात, आम्ही पोंभुर्ण्याकडचे पायी. सगळ्यांचे डोळे पिवळे. बाबा पुनर्नवेच्या ओल्या काड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर मुकुटासारखी बसवतो. चार दिवसांत ती आपोआप वाढून गळ्यात येते, मग छातीवर, मग कमरेवर. पायांतून निघाली की कावीळ गेली.

"माळ कावीळ पिते," बाबा सांगतो. "पिऊन पिऊन लांब होते. पण मधीच काढली, दवाखान्याची सुई लावली, त कावीळ उलटी डोक्यात चढते. मंग माह्याकडे येऊ नका."

माझी बायको केसरबाई, तिलाही मी तिथेच नेलं. माळ छातीवर आली तेव्हा मी गावभर सांगत फिरलो. त्याच दिवशी ती काहीबाही बोलायला लागली, भर दिवसा झोपू लागली. मी माळेकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. माळ कमरेला पोचली आणि केसर गेली. बाबा म्हणाला, पथ्य मोडलं असेल. तिने आठ दिवस पेजेशिवाय काही खाल्लं नव्हतं.

तेरवीनंतर मी नात्यातला माणूस आजारी आहे असं खोटं सांगून नवी माळ आणली आणि घरातल्या पालथ्या मडक्यावर ठेवली. पाचव्या दिवशी ती मडक्यावरून घसरून जमिनीवर आली होती.

गावच्या आशा कार्यकर्त्या रंजीताबाई यांना बोलावून दाखवलं. त्यांनी माळेच्या दोऱ्याचा एक वेढा उसवला. प्रत्येक काडी ओली असताना तिच्याभोवती दोरा आवळलेला असतो. काडी वाळून बारीक होते, वेढा सैल पडतो, दोरा मोकळा होतो. शंभर काड्यांचा थोडाथोडा दोरा सुटला की माळ हातभर वाढते.

गावातल्या वारलूभाऊंची सून दिव्यानी माळ घालून पडली आहे, हे रंजीताबाईंकडूनच कळलं. तिला सहावा महिना होता. मी मडकं आणि माळ उचलून वारलूभाऊंच्या घरी गेलो. रंजीताबाई सोबत होत्या.

"वारलूभाऊ, या मडक्याले कावीळ होती काय?"

"तुमचं दुःख आहे, म्हणून बोलून राह्यले तुम्ही. तिची माळ गळ्यात आली. उतार पडून राह्यला."

"केसरचीबी आली होती."

त्यांनी सुनेच्या खाटेकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "काढली अन् उलटी चढली त? दोन जीव आहेत, भाऊ."

याच भीतीने मीही थांबलो होतो. रंजीताबाईंनी सांगितलं, पोटुशी बाईची कावीळ लवकर जिवावर बेतते, रक्त तपासल्याशिवाय काही कळत नाही. आम्ही बोलत असताना दिव्यानी खाटेवर उठून बसली आणि सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, मीच काढून राह्यली. पाप लागलं त मले लागन."

आज पाचवा दिवस. ती चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती आहे. डॉक्टर अजून खात्री देत नाहीत.

बाबाकडे गर्दी कमी झालेली नाही. बहुतेकांची कावीळ आराम केल्याने आपणहून बरी होते आणि नाव माळेचं होतं. झाडपाल्याशी माझं भांडण नाही. पुनर्नवा यकृतासाठी जुने लोक देत आले. पण डोक्यावर ठेवलेली काडी पोटात जात नाही. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले तर माळ किती उतरली ते बघू नका, रक्त तपासा. माणूस बरळायला लागला, सारखा झोपू लागला, तर तासभरही थांबू नका.

मी तीन दिवस थांबलो होतो.