न घेतलेलं माप

मी एक जुनी टाकी आहे, पेशी गोठवून ठेवणारी. मित्रांनो, माझं पोट एकेकाळी बर्फाहून थंड होतं, पण डोकं आज तापलं आहे.

कारखान्यात मला दुहेरी भिंतीची घडवली. इस्पितळाच्या तळघरात एकोणीस वर्षं मी पोटात द्रवरूप नायट्रोजन घेऊन माणसांच्या पेशी सांभाळल्या. नायट्रोजन रोज थोडा उडून जातो. म्हणून रोज सकाळी लाकडी पट्टी आत बुडवायची, तिच्यावर हिम कुठवर चढतं ते पाहायचं आणि कमी असेल तर भरायचं. हे काम करणारे जुने काका निवृत्त होईपर्यंत एक दिवस चुकले नाहीत. मोठे डॉक्टर पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत.

मग एका वेल्डरचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, उलटला. थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला आधीच आपली अस्थिमज्जा दिली होती. आता तिच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी त्याला द्यायचं ठरलं. तेही बेताबेतानेच, कारण जास्त झाल्या तर त्या त्याच्याच जिवावर उठतात. पहिल्या मात्रेने रोग थोडा हटला. पुढच्या तीन पिशव्या माझ्याकडे ठेवल्या.

काकांच्या जागी आलेला माणूस प्रत्येक कामाला ‘बघूया’ म्हणे, म्हणून सगळे त्यालाच ‘बघूया’ म्हणत. तो पट्टी बुडवतच नसे. कालचाच आकडा आज वहीत लिहायचा. नायट्रोजन फार खाली उतरला तेव्हा मी भोंगा वाजवला.

“म्हातारी उगाच बोंबलते,” म्हणत त्याने भोंगाच बंद केला!

पिशव्या वितळल्या. अहवालात काय लिहिलं? ‘टाकी जुनी होती.’ नाचता येईना अंगण वाकडं!

ताई तळघरात आली. तिला सातवा महिना होता. आधीच्या पेशी दिवस जाण्याआधी काढलेल्या; आता बाळंत होईपर्यंत त्या पुन्हा काढता येणार नव्हत्या. तिने वही उघडली. सतरा दिवस एकच आकडा होता.

“मी कपडे शिवते,” ती म्हणाली. “साध्या झबल्यालासुद्धा माप घेते. तुम्ही माझ्या भावासाठी एकदाही घेतलं नाहीत?”

“चुकलं, ताई,” बघूया पुटपुटला.

“चुकलं म्हणू नका. केलंच नाही म्हणा.”

आता मी मागच्या आवारात भंगारात पडले आहे. दर सोमवारी वेल्डर फाटकातून तपासणीला येतो, आणि दर वेळी आणखी थोडा हळू चालतो. ताईचे दिवस भरायला अजून अवकाश आहे. रोगाला ते कोण सांगणार?

मित्रांनो, माझी कीव करू नका. यंत्राने हाक मारली तर उठून पाहा. आणि पाहिलं नसेल, तर लिहू नका.