वैशाखातलं दहिवर

देवगाव फाट्यापासून कोसभर आत एक लहानसं गाव आहे. त्या काळी तिथं ख्रिस्ती घरं मोजून सहा होती. त्यातल्या शेवटच्या घरात आश्रुबा प्रचारक आणि त्यांची लेक कमलबाई राहत. आश्रुबांनी तीस वर्षं पायी हिंडून खेडोपाडी शुभवर्तमान सांगितलं होतं. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते दारातल्या बाजेवर बसत आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवून तेच सांगत. कमलबाई मिशनच्या शाळेत मास्तरीण होती. वय तेहेतीस. आता हिचं लग्न काही होत नाही, असं गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि तिनंही कुरकुर न करता ते मान्य केलं होतं. आई गेलेली, बापाचं करायचं होतं आणि शाळेत मुली होत्या. निजामाच्या अमलात उर्दूवाचून पान हलत नव्हतं, तेव्हा मुलींना शाळेत कोण पाठवणार? आता राज्य बदललं, कचेरीत मराठी आली, मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, तशा एकेक करत अठरा मुली तिच्या वर्गात यायला लागल्या. रोज सकाळी दारोदार फिरून ती त्यांना गोळा करायची. शेणात हात असलेल्या पोरीला हात धुवायला लावून घेऊन जायची.

सत्तावन सालच्या चैत्रात जिंतूरच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांचं पत्र आलं. जिंतूरच्या दवाखान्यात चंद्रभान नावाचे कंपाउंडर होते. बायको वारून दोन वर्षं झाली होती आणि रिबका नावाची सात वर्षांची मुलगी होती. नाताळच्या मेळाव्यात त्यांनी कमलबाईला पाहिलं होतं आणि तिच्या मनात असेल तर लग्न करण्याची त्यांची इच्छा होती. घाई नाही, प्रार्थना करून देवाची इच्छा काय ती ओळखा आणि मग कळवा, असं पाळकसाहेबांनी शेवटी लिहिलं होतं.

कमलबाईनं पत्र बापाला वाचून दाखवलं. तुम्हाला काय वाटतं, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"माय, तू पत्र वाचायलीस तवा माझ्या मनात काय आलं, सांगू? आता मला भाकर कोन देईल, हे आलं. आधी तेच आलं. मग असल्या मानसाची गवाही कशी चालंल? मला इचारू नको. देवाला इचार."

ती देवाला विचारू लागली. शाळेत जाण्याआधी घरामागच्या लिंबाखाली ती रोज बसायची. डोळे मिटले की आधी अठरा मुली दिसायच्या, मग बापाचे गुडघे, मग घरात तांदळाच्या कण्या संपल्यात हे आठवायचं, आणि चंद्रभान कंपाउंडरांचा चेहरा काही केल्या आठवायचा नाही. मेळाव्यात एवढी माणसं होती, त्यांतले ते कोणते होते हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. मला तुझी मर्जी दाखव, एवढंच ती म्हणायची, आणि पुढं सगळं शांत. एकदा तिनं डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. बोटाखाली तंबूला किती खुंट्या आणि किती पडदे लावावेत याची यादी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, तर अंगावरचे चट्टे याजकानं कसे तपासावेत ते निघालं. तिसऱ्यांदा तिनं उघडलं नाही.

असा महिना गेला. पाळकसाहेबांचं दुसरं पत्र आलं. त्यात तगादा नव्हता, नुसती विचारपूस होती. पण तिला ओशाळल्यासारखं झालं. मग तिला बापाची एक गोष्ट आठवली. आश्रुबा ती खेड्यांतून फार रंगवून सांगत. शास्त्रातल्या एका शेतकऱ्याला देवानं लढाईला जायला सांगितलं. तो भ्याला. त्यानं रात्री खळ्यावर लोकर टाकून ठेवली आणि देवाला म्हणाला, सकाळी लोकर दहिवरानं, रात्रीच्या दवानं, भिजलेली असू दे आणि भोवतालची जमीन कोरडी, म्हणजे तू माझ्याशी बोललास असं मी समजेन. आणि सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं.

गावात लोकरीला तोटा नव्हता. पलीकडच्या आळीत सटवाजी धनगराचा मेंढवाडा होता आणि त्याची बायको अंबाबाई कमलबाईच्या जिव्हाळ्याची होती. अंबाबाईची मुलगी शाळेत पहिल्या नंबरानं पास झालेली. अंबाबाई या घरचं पाणी पीत नसे. तेवढं सोवळंओवळं तिनं सोडलं नव्हतं. पण दुपारच्या वेळी सूत कातता कातता ती कमलबाईच्या अंगणातल्या दगडावर येऊन बसायची आणि मनातलं सगळं बोलून जायची.

कमलबाईनं तिच्या दारी जाऊन ओंजळभर लोकर मागितली. कशाला पाहिजे, असं अंबाबाईनं विचारलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं कमलबाईनं स्थळाचं, प्रार्थनेचं आणि त्या शेतकऱ्याचं सगळं सांगून टाकलं. अंबाबाई हातातली टकळी थांबवून ऐकत राहिली.

"म्हंजी लोकर भिजली तर लगीन करायचं, आन कोरडी राह्यली तर न्हाई?"

"हो."

"बरं," अंबाबाई म्हणाली आणि तिनं आत जाऊन मेंढीची नुकतीच कातरलेली पांढरी लोकर आणून दिली.

संध्याकाळी कमलबाईनं लिंबाजवळच्या सपाट जागेत ती लोकर ठेवली, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ती घरात जाऊन झोपली. झोप तिला चांगली लागली. अंगावरचं ओझं दुसऱ्याच्या हवाली केल्यासारखं वाटत होतं.

तांबडं फुटायला ती मागच्या दारानं बाहेर आली. जमीन भाजून काढल्यासारखी कोरडी होती. लोकरीला हात लावला तर ती गच्च ओली. पिळली तशी पाण्याची धार तिच्या मनगटावरून खाली गेली.

ती तिथंच मातीत बसली. तिला आनंद झाला. इतका, की तिचं तिलाच नवल वाटलं. बसल्या बसल्या तिच्या मनात भराभर सगळं येऊन गेलं. आईची हिरवी साडी पेटीत आहे, ती धुवून काढावी. रिबकाला पाटीवर अक्षरं येतात की नाही, ते बघावं. बापाला जिंतूरला नेता येईल. महिनाभरात यातलं एकही तिच्या मनात आलं नव्हतं. अर्धी घटका ती त्या ओल्या लोकरीपाशी बसून होती.

मग कुंपणापलीकडून अंबाबाईची चाहूल लागली. ती आत आली, नेहमीच्या दगडावर न बसता उभीच राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, एक सांगते, राग धरू नका. पानी म्या टाकलं."

कमलबाईला आधी कळलंच नाही.

"पहाटं मेंढरं सोडायच्या आधी आले आन तांब्याभर वतलं. जमिनीवर सांडू दिलं न्हाई, जपून वतलं."

"का पण, अंबाबाई?"

"वैशाखात कुटं दहिवर पडतं का? मेंढरामागं जलम गेला माझा. उघड्यावर निजून हाडं झिजली. या महिन्यात लोकर भिजत न्हाई, हे तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमी लोकर मागितली तवाच मला समजलं, ही बाई देवाकडून न्हाई म्हनवून घ्यायलीय. मला ते बरं वाटलं न्हाई. मग म्हनलं, तुमच्या देवाला कोनी तरी हातभार लावावा. पर घरी गेले आन काळीज खायला लागलं. देवाच्या नावानं खोटं नको म्हनून सांगायला आले."

कमलबाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अंबाबाई घाबरली. पण कमलबाईनं तिला हातानं खुणावलं, की काही नाही, बसा.

तिनं खरंच वैशाख निवडला होता. जाणून नव्हे, पण निवडला होता. नाही म्हणायचं होतं तिला, आणि ते देवाच्या तोंडून यावं म्हणजे आपल्यावर बोल नको, असा तो सगळा हिशेब होता. आणि नाही तरी का म्हणायचं होतं? बाप, शाळा ही कारणं खरीच होती. पण त्यांच्या तळाशी भीती होती. दुसरीच्या संसारात आपण उपरी ठरू ही, त्या मुलीनं आपल्याकडं पाठ फिरवली तर काय ही, आणि इतकी वर्षं जे नको म्हणून गुंडाळून ठेवलं ते आता मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही. महिनाभर देवापुढं बसून तिनं यातलं एक अक्षर काढलं नव्हतं.

तिनं आश्रुबांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "त्या शेतकऱ्यानं लोकर दोनदा ठेवली, ते तू इसरलीस. पहिल्या खुनंनं त्याचं भागलं न्हाई. दुसऱ्या दिशी म्हनला, आता लोकर कोरडी ठेव आन जमीन भिजव. भ्यालेल्या मानसाला खुना पुरत न्हाईत. देवानं त्याला झिडकारलं न्हाई, ही देवाची मेहेरबानी. पर माय, तू देवाला अजून पुसायलीसच. सांगितलंस कवा?"

दुसऱ्या दिवसापासून ती सांगायला लागली. लिंबाखाली बसून हलक्या आवाजात, बापाशी बोलावं तशी बोलली. मला भीती वाटते, म्हणाली. मला हे हवंसं वाटतं, आणि हवंसं वाटतं याचीही लाज वाटते, म्हणाली. तुझी इच्छा नसेल तर मला थांबव, मी रुसणार नाही, निदान फार दिवस रुसणार नाही, असंही म्हणाली. कसलाही आवाज आला नाही. पण आता ती शांतता पहिल्यासारखी रिकामी नव्हती. समोर कोणी ऐकत बसलेलं आहे असं तिला वाटे. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली. देवाला तिनं महिनाभर विचारलं, पण त्या माणसाला तिनं एक शब्द विचारला नव्हता. तिनं पाळकसाहेबांना पत्र टाकलं, की त्यांना घेऊन या, मुलीलाही आणा.

वैशाख संपता संपता ते आले. जिंतूरच्या मोटारीनं फाट्यावर उतरून उन्हातून चालत आले. चंद्रभान उंच, किंचित वाकलेले आणि बोलताना शब्द शोधणारे होते. पाळकसाहेब आश्रुबांपाशी बसले. अंबाबाईनं रिबकाला मेंढरं दाखवायला नेलं. कमलबाई आणि चंद्रभान शाळेच्या ओसरीवर बसले.

मुलीला हे सांगितलंय का, असं तिनं आधी विचारलं.

"सांगितलंय. ती नको म्हणते," चंद्रभान म्हणाले. "खोटं कशाला बोलू? ती नको म्हणते आणि मी तिच्यावर रागावलो नाही. तिला आई आठवते."

"मग तुम्ही कसे आलात?"

"मी पुष्कळ प्रार्थना केली. मला खूणबीण काही मिळाली नाही. नाताळात तुम्ही पोरांकडून गाणं बसवून घेत होतात. एक पोर सारखं चुकत होतं. तुम्ही त्याला रागं भरत होतात आणि मधेच तुम्हालाच हसू येत होतं. ते माझ्या मनातून जाईना. मग देवाला म्हटलं, मी विचारून बघतो. दार बंद असेल तर बंद राहू दे."

बापाचं कसं, असं तिनं विचारलं. दोन खोल्या आहेत, एक त्यांची, ते म्हणाले. शाळेत नवी मास्तरीण येईपर्यंत मला हलता येणार नाही, असं ती म्हणाली. नाताळपर्यंत थांबू, असं ते म्हणाले. एवढंच बोलणं झालं. तेवढ्यात रिबका धुळीनं माखलेले पाय घेऊन परत आली. कमलबाईकडं तिनं नीट निरखून पाहिलं आणि मेंढ्या किती दिवसांनी वितात ते विचारलं. पाच महिन्यांनी, असं कमलबाईनं सांगितलं. मुलीनं बोटं मोजली आणि ती बापाच्या मागं जाऊन उभी राहिली.

पुढचे आठ दिवस कमलबाई रोजच्यासारखी बसली. कुठलंही वचन उठून समोर आलं नाही. तिनं सगळं पुन्हा देवापुढं मांडलं. माणूस खरा आहे. बापाला छप्पर आहे. यात कुणावर अन्याय होत नाही. पाळकसाहेबांना बरं वाटतं. अंबाबाईलाही वाटतं. भीती अजून होती, पण आता ती वाट अडवून उभी नव्हती, मागून येत होती. नवव्या दिवशी होकार कळवायचा म्हणून तिनं कागद पुढं घेतला, तेव्हा मनात निवांत होतं. एवढं पुरे, असं तिला वाटलं. तिनं लिहिलं.

दिवाळीनंतर मिशननं परभणीहून नर्मदाबाई नावाची मास्तरीण पाठवली. मुली आठ दिवस तिच्यावर रुसल्या आणि मग तिच्या झाल्या. नाताळ झाल्यावर लग्न लागलं. आश्रुबा जिंतूरला आले, पण महिन्याभरात गावाकडच्या बाजेसाठी तळमळायला लागले. मग असं ठरलं, की सुगीला ते गावी राहतील आणि उन्हाळ्यात जिंतूरला. ते त्यांना मानवलं.

रिबका मात्र सहज वळली नाही. ती कमलबाईला बाई म्हणायची, शाळेत म्हणतात तशी. वेणी शेजारच्या पद्मजाकाकूंकडून घालून घ्यायची. कमलबाईच्या हातची भाकर खायची, पण बापाच्या ताटातून. काही दिवस असे गेले, की देवाचं ऐकण्यात आपली चूक झाली असं कमलबाईला वाटे. तेही ती देवाला सांगे, आणि उठून कामाला लागे. मुलीकडं तिनं काही मागितलं नाही. संध्याकाळी ती ओसरीवर बसून गल्लीतल्या पोरींना अक्षरं शिकवू लागली. रिबका उंबऱ्याआड उभी राहून ऐकत असे. कधी एखादी पोर अडली तर आतूनच उत्तर देई.

पावसाळ्यात एकदा कमलबाई चुलीपाशी होती. दारात कुणी बाई आली होती. मुलीचं नाव घालायचं होतं म्हणून ती विचारत होती, की शिकवणाऱ्या बाई इथंच राहतात का.

"इथंच," रिबका म्हणाली. "आमच्या बाई हायत त्या. बसा, बोलावते."

'आमच्या' हा शब्द कमलबाईनं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तिनं तव्यावरची भाकर उलटली. बाहेरून रिबकानं हाक मारली तशी हात पुसत ती ओसरीवर गेली.